पोच न घेणारं सॉफ्टवेअर

ठाणे स्टेशनच्या ९-१० नंबर फलाटावरून सुटणाऱ्या ट्रान्स-हार्बरच्या गाडीत अगदी शेवटी, गार्डच्या केबिनला खेटून उभं राहिलं की घंटा ऐकू येते. गार्ड दोन टोले देतो. गाडीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला मोटरमन तेच दोन टोले परत देतो आणि मग गाडी हलते. टोले दिले की गार्डचं काम संपत नाही. ते पलीकडे पोचले, असं उलट कळेपर्यंत त्याचा कान घंटेकडे असतो. ऐरोली, रबाळे, घणसोली करत कोपरखैरण्याला उतरून, तिथून शेअर रिक्षाने महापेला ऑफिस, अशी माझी बरीच वर्षं गेली. त्या दोन टोल्यांची सवय इतकी झाली आहे की एखाद्या दिवशी उत्तराचे टोले उशिरा आले तरी मान आपोआप वर होते.

आमच्या धंद्यात मात्र टोले देऊन, उत्तर न ऐकता गाडी सोडून देण्याची सर्रास पद्धत आहे.

सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी एकमेकांना कामं सांगणाऱ्या छोट्या छोट्या तुकड्यांची साखळी. या तुकड्यांना आम्ही फंक्शन म्हणतो. 'ही फाईल उघड', 'एवढी मेमरी दे', 'ही सही खरी आहे का बघ', अशी ती कामं. काम सांगितलं की फंक्शन उत्तर देतं: झालं, झालं नाही, किंवा अमुक कारणाने करताच आलं नाही. या उत्तराला रिटर्न व्हॅल्यू म्हणतात. सी भाषेत, आणि तिच्या वळणावर गेलेल्या कितीतरी भाषांत, हे उत्तर न वाचता खुशाल पुढची ओळ लिहिता येते. लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर अडवत नाही. प्रोग्राम चालतो, डेमो होतो, बिल निघतं.

सुरक्षेतल्या चुकांची जी जागतिक यादी माइटर ही संस्था ठेवते, तिच्यात या चुकीला स्वतंत्र क्रमांक आहे, सीडब्ल्यूई-२५२. उत्तर वाचलं पण चुकीचं वाचलं, तर २५३. तरीही आपल्याकडे हा प्रोग्रामरचा किरकोळ आळस समजला जातो, वेळ मिळाला तर सुधारायची गोष्ट. हे समजणं आता थांबायला हवं. ज्या सॉफ्टवेअरवर लोकांचे पैसे, रिपोर्ट आणि घराची दारं अवलंबून आहेत, ते विकत घेणाऱ्याने, मग ती पालिका असो, पतसंस्था असो, इस्पितळ असो की हाउसिंग सोसायटी, एक प्रश्न विचारलाच पाहिजे: तुमच्या सॉफ्टवेअरला उत्तर मिळालं नाही, किंवा 'सांगता येत नाही' असं उत्तर मिळालं, तर ते काय करतं? आणि हे तोंडी न ऐकता डोळ्यांसमोर करून दाखवल्याशिवाय स्वीकृतीच्या कागदावर सही करू नये.

हे मी एका शनिवारी संध्याकाळी शिकले. काही वर्षांपूर्वी महापेच्या एका छोट्या कंपनीत आम्ही एका पतसंस्थेच्या सभासदांसाठी ॲप बनवत होतो. कर्जाचा हप्ता ऑनलाइन भरला की पेमेंट गेटवे आमच्या सर्व्हरला निरोप पाठवणार, 'पैसे मिळाले', आणि त्या निरोपावर गेटवेची डिजिटल सही असणार. सही तपासायची, खरी निघाली तर हप्ता जमा दाखवून पावती द्यायची, एवढंच काम. सर्व्हरचा कोड पीएचपी या भाषेत होता. नुकताच लागलेला एक मुलगा टेस्टिंग करत होता. त्याने आधी खरी सही पाठवली: पावती आली. मग दुसऱ्याच किल्लीने केलेली, म्हणजे दिसायला नीटनेटकी पण खोटी सही पाठवली: नाकारली गेली. टेस्ट केसच्या यादीत एवढ्याच दोन ओळी होत्या, दोन्ही पास. निघायच्या आधी त्याने सहीच्या जागी कीबोर्डवर हात फिरवून जी उमटली ती अक्षरं टाकली.

"मॅडम, जरा इकडे या ना. काहीतरी विचित्र होतंय."

स्क्रीनवर पावती होती. साडेसात हजारांचा हप्ता जमा, पावती क्रमांकासकट. मी म्हटलं, "परत कर." त्याने परत केलं. परत पावती.

कारण सापडायला दहा मिनिटं लागली. सही तपासणारं ते फंक्शन तीन उत्तरं देतं. सही बरोबर असेल तर १, चूक असेल तर ०, आणि तपासताच आलं नाही तर उणे १. कोड लिहिणाऱ्याने 'तपासणीचं उत्तर खरं असेल तर पावती दे' अशी साधी अट घातली होती. पीएचपीच्या लेखी शून्य सोडून प्रत्येक आकडा 'खरा' असतो. उणे १ सुद्धा. नीटनेटकी खोटी सही आली की फंक्शन ती तपासून ० म्हणायचं आणि ती नाकारली जायची. नुसता कचरा आला की फंक्शनला तो वाचताच येत नसे, ते उणे १ म्हणायचं, आणि आमचा कोड त्याचा अर्थ 'हो' लावायचा. म्हणजे चोराला खोटी सही करण्याचीही मेहनत नको. जितकी सही ओबडधोबड, तितकं काम सोपं.

दुरुस्ती एका तुलनेची होती: उत्तर बरोबर १ असेल तरच पुढे जा. अर्धं मिनिट. पण कोड लिहिणारा कच्चा नव्हता, आणि ज्या दोघांनी तो तपासून पास केला होता त्यांत माझं नाव होतं. पुढचा आठवडा आम्ही सगळा कोड त्याच नजरेने पुन्हा वाचला. सगळ्यांत जास्त टोचली ती अशी जागा: सभासदाने खातं बंद केलं की त्याच्या आधार आणि पॅन कार्डच्या स्कॅन केलेल्या फायली पुसून टाकायच्या होत्या. फाईल पुसणारं फंक्शन 'झालं नाही' असं उत्तर देत होतं, कारण त्या फोल्डरवर प्रोग्रामला तेवढा अधिकारच नव्हता. ते उत्तर कुणी वाचत नव्हतं. सभासदाला मात्र स्क्रीनवर दिसायचं, 'आपली कागदपत्रे काढून टाकण्यात आली आहेत.' एखाद्या माणसाने विश्वासाने दिलेल्या कागदांबद्दल आम्ही त्याला धडधडीत खोटं सांगत होतो, आणि हे खोटं बोलायचं असं कुणी ठरवलंही नव्हतं.

नेमका हाच सहीचा घोटाळा जगातल्या अत्यंत मान्यवर कोडमध्ये झालेला आहे. इंटरनेटवरच्या सुरक्षित दळणवळणाचा मोठा भाग ज्या ओपनएसएसएल लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संग्रहावर, चालतो, तिने जानेवारी २००९ मध्ये स्वतःच जाहीर केलं की तिच्या आतल्या अनेक जागी सही-तपासणीचं उणे १ हे उत्तर 'बरोबर' धरलं जात होतं. डीएसए आणि ईसीडीएसए प्रकारच्या सह्यांना याचा फटका होता. तेच फंक्शन वापरणाऱ्या बाइंड आणि एनटीपी या प्रकल्पांतही, म्हणजे इंटरनेटवरची नावं शोधून देणाऱ्या आणि घड्याळं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही, तीच चूक निघाली. पुढे मार्च २०१४ मध्ये ग्नूटीएलएस या दुसऱ्या लायब्ररीत तिची सख्खी बहीण सापडली. तिथे वेबसाइटची ओळख पटवणारं प्रमाणपत्र तपासताना आलेली एरर 'हो' म्हणून वाचली जात होती, आणि ती तशी अनेक वर्षं पडून होती. हा कोड सगळ्यांसाठी उघडा होता, शेकडो डोळ्यांखालून गेलेला होता. मग ज्या टेंडरमधला कोड विकत घेणाऱ्याने कधी उघडूनही पाहिलेला नसतो, तिथे काय दडलेलं असेल याचा अंदाज करावा.

२०१० साली अँड्रॉइड फोनवर 'रेज अगेन्स्ट द केज' नावाची युक्ती गाजली. ती नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात एकही कुलूप फोडलेलं नाही. केबलने जोडलेल्या संगणकाशी बोलणारी एडीबी नावाची सेवा फोनमध्ये असते. त्या काळी ती सुरू व्हायची रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी म्हणून, आणि सुरू झाल्यावर सेटयूआयडी हे फंक्शन वापरून स्वतःचे अधिकार सोडून साध्या वापरकर्त्याच्या पायरीवर उतरायची. अँड्रॉइड ज्यावर उभं आहे त्या लिनक्समध्ये एका वापरकर्त्याच्या नावावर एका वेळी किती प्रोसेस, म्हणजे चालते प्रोग्राम, असू शकतात याला मर्यादा असते. हल्लेखोराने त्या साध्या वापरकर्त्याच्या नावाने इतक्या प्रोसेस काढल्या की मर्यादा भरली. मग त्याने एडीबी बंद पाडली. ती आपोआप पुन्हा उठली, रूट म्हणून. नेहमीप्रमाणे सेटयूआयडीला म्हणाली, 'मला खाली उतरव.' उत्तर आलं, 'खाली जागा नाही.' एडीबीने ते ऐकलंच नाही. आपण उतरलो असं धरून ती कामाला लागली, आणि तिच्याशी बोलणाऱ्याच्या हातात अख्खा फोन आला.

सेटयूआयडीच्या माहितीपानावर आज स्पष्ट लिहिलेलं आहे की त्याचं उत्तर न तपासणं ही सुरक्षेतली गंभीर चूक आहे. एवढ्यावर भागलं नाही म्हणून २०११ मध्ये लिनक्सच्या कर्नेलनेच, म्हणजे गाभ्यानेच, आपली वागणूक बदलली. मर्यादा भरली म्हणून सेटयूआयडी नापास होणार नाही. ती तपासणी पुढे, नवा प्रोग्राम सुरू करताना होईल. जगभरच्या प्रोग्रामरना उत्तर वाचायला लावण्यापेक्षा उत्तरच बदललेलं सोपं, या निर्णयापर्यंत कर्नेल लिहिणाऱ्यांना यावं लागलं. मला ती आमच्या सगळ्या पेशाबद्दलची कडक टिप्पणी वाटते.

२०१२ मध्ये मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये निघालेली चूक थोडी वेगळी, उत्तर वाचलं पण अर्धंच वाचलं अशा जातीची. दोन मजकूर सारखे आहेत का हे सांगणारं मेमकम्प हे फंक्शन सारखे असतील तर शून्य देतं आणि नसतील तर शून्य सोडून कुठलाही आकडा. तो आकडा कोडमध्ये लहान डब्यात कोंबला होता. काही संगणकांवर मोठ्या आकड्याचा वरचा भाग गळून खाली शून्य उरायचं, आणि शून्य म्हणजे 'पासवर्ड जुळला'. साधारण २५६ वेळांत एकदा हे व्हायचं. चुकीचाच पासवर्ड शे-तीनशे वेळा टाकत राहिलं की दार उघडायचं.

अशी उदाहरणं सांगितली की एक उत्तर हमखास येतं: 'या जुन्या सी भाषेच्या भानगडी. आम्ही जावा वापरतो, पायथन वापरतो. तिथे चूक झाली की एक्सेप्शन उसळतं, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबतो, दुर्लक्ष करताच येत नाही.' येतं. एक्सेप्शन पकडायचं आणि आत काहीही लिहायचं नाही, की झालं दुर्लक्ष. शिवाय जावातही फाईल पुसण्याचं जुनं फंक्शन काम झालं नाही तर नुसतं 'खोटं' एवढं उत्तर देतं, उसळत नाही. २०१४ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या डेटा साठवणाऱ्या-हाताळणाऱ्या पाच मोठ्या प्रणालींतल्या १९८ बिघाडांचा अभ्यास केला. यातल्या रेडिससारखा एखादा अपवाद सोडला तर बाकीच्या जावातल्याच. त्यांपैकी ज्या बिघाडांत सगळी प्रणालीच बसली, अशांतल्या ९२ टक्क्यांचं मूळ एकच निघालं: सॉफ्टवेअरने चूक झाल्याचं आधी स्वच्छ सांगितलं होतं, आणि ते सांगणं नीट हाताळलं गेलं नव्हतं. ३५ टक्के तर अगदी पोरसवदा चुका होत्या. चूक हाताळण्याची जागा रिकामी सोडलेली, किंवा तिथे फक्त लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, एक ओळ लिहिलेली, किंवा 'हे नंतर करायचं' अशी टिपण ठेवलेली.

त्या लॉगच्या ओळीबद्दल मला जास्त बोलायचं आहे. आमच्याकडे चूक 'हाताळली' म्हणजे बहुतेक वेळा तिची नोंद केली, एवढाच अर्थ असतो. सही तपासता आली नाही, लॉगमध्ये लिहिलं, आणि पावती दिली. सरकारी कचेरीत तक्रारीला इनवर्ड नंबर पडला म्हणजे तक्रार सुटली असं कुणी म्हटलं तर आपण हसू किंवा संतापू. सॉफ्टवेअरमध्ये आपण तेच रोज करतो आणि त्याला एरर हँडलिंग म्हणतो.

ही सवय लागते कुठून? नवी मुंबईत आणि ठाण्यात इंजिनीअरिंग कॉलेजांची कमी नाही, आणि दर वर्षी तिथून आमच्याकडे हुशार मुलं येतात. मुलाखतीत मी एक साधा प्रश्न विचारते: स्कॅनएफ काय परत देतं? इनपुट वाचणारं सी भाषेतलं हे फंक्शन पहिल्या सेमिस्टरपासून प्रत्येकाने शेकडो वेळा वापरलेलं असतं. ते किती किमती नीट वाचल्या गेल्या याचा आकडा परत देतं, हे फार थोड्यांना माहीत असतं, कारण पुस्तकातल्या एकाही प्रोग्राममध्ये तो आकडा कुणी हातात घेतलेला नसतो. जागा वाचावी म्हणून पुस्तकं चूक-तपासणी गाळतात, फळ्यावर ती गाळली जाते, जर्नलमध्ये ती नसते, आणि प्रॅक्टिकलला परीक्षक बरोबर इनपुट देऊन बरोबर आउटपुट बघतात. चार वर्षं मुलाला हेच शिकवलं जातं की प्रोग्राम म्हणजे सगळं सुरळीत झालं तर काय होतं, त्याची गोष्ट. मग नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्याच्याकडून वेगळं काही यावं ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

पण सगळा दोष मुलांवर आणि कॉलेजांवर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. कोड तसाच लिहिला जातो जसा तो विकत घेतला जातो. सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला काम मिळतं. बोलीत स्क्रीनची संख्या मोजली जाते, रिपोर्टची संख्या मोजली जाते. चूक झाल्यावर कोणत्या वाटेने जायचं त्याचा कोड मोजला जात नाही, कारण तो कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही. मग डेमो. डेमोत नेट चालू असतं, डिस्क रिकामी असते, सही खरी असते. प्रोजेक्टरवर सगळीकडे 'हो' येतं. समोर बसलेले अधिकारी, संचालक, डॉक्टर चहा घेऊन सही करतात. बाहेरून होणारं सुरक्षा ऑडिटही बहुतेकदा वेबसाइटच्या दारं-खिडक्या ठोकून बघतं. आतला कोड उघडून कुठलं उत्तर वाचलं नाही हे बघायला त्याला सांगितलेलंच नसतं.

प्रामाणिक आक्षेप एक आहे आणि तो मी सहकाऱ्यांकडून अनेकदा ऐकला आहे. प्रत्येक उत्तर तपासत बसलो तर दहा ओळींचा कोड चाळीस ओळींचा होतो, खरं काम कुठे आहे तेच दिसेनासं होतं. स्क्रीनवर अक्षरं छापणाऱ्या प्रिंटएफचंही उत्तर तपासायचं का? यात तथ्य आहे. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक कोडसाठी दहा नियम मांडले, त्यांतला सातवा नियम प्रत्येक फंक्शनचं उत्तर तपासा असं सांगतो. त्यांनीही प्रिंटएफचा हा प्रश्न ओळखला होता. त्यांचा तोडगा असा: उत्तर काहीही आलं तरी तुम्ही तेच करणार असाल तर दुर्लक्ष करा, पण तसं कोडमध्ये उघड लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की हे विसरून राहिलेलं नाही, ठरवून सोडलेलं आहे. मला यातली 'उघड लिहा' ही अट फार मोलाची वाटते. दुर्लक्षालाही कुणाची तरी सही लागेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. इस्पितळातलं सॉफ्टवेअर प्रत्येक शंकेला दार बंद करून बसलं तर रुग्णाचं काय? रात्री दोन वाजता सर्व्हरने उत्तर दिलं नाही म्हणून नर्सला रुग्णाची ॲलर्जी दिसू नये का?

याचं उत्तर मला संगणकाच्या पुस्तकांत मिळालं नाही, घरी मिळालं. माझे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. तिथले कंट्रोल वाल्व्ह दाबाच्या हवेवर चालतात. ही हवा गेली तर वाल्व्हने काय करायचं हे त्यातली स्प्रिंग ठरवते, आणि ती कुठल्या बाजूला बसवायची हे वाल्व्ह लावण्याआधीच कागदावर ठरलेलं असतं. बाबा सांगायचे, "वाफेचा वाल्व्ह हवा गेली की बंद झाला पाहिजे. आणि थंड पाण्याचा उघडा पडला पाहिजे. उलट बसवलास तर भांडं तापून फुटेल. हवा गेल्यावर विचार करायला वेळ नसतो गं." सगळेच वाल्व्ह बंद होणं म्हणजे सुरक्षा नसते. प्रत्येकाची दिशा वेगळी, पण दिशा नसलेला वाल्व्ह एकही नाही.

सॉफ्टवेअरकडे मी हेच मागते आहे. पैसे जमा दाखवणारं, दार उघडणारं, अधिकार देणारं फंक्शन वाफेच्या वाल्व्हसारखं: शंका आली की बंद. रुग्णाची ॲलर्जी दाखवणारं थंड पाण्याच्या वाल्व्हसारखं: सर्व्हर मिळाला नाही तर शेवटची माहीत असलेली नोंद दाखव, आणि ती जुनी आहे हे ठळक अक्षरांत सांग. यात सर्वांत वाईट तिसरी गोष्ट, ॲलर्जीचा रकाना रिकामा दाखवणं, कारण रिकाम्या रकान्याचा अर्थ नर्स 'ॲलर्जी नाही' असाच लावणार. उत्तर न वाचणारा कोड बहुतेक वेळा नेमकी ही तिसरी गोष्ट करतो. ठाणे-बेलापूरच्या ज्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी माणसं वाल्व्हच्या स्प्रिंगची दिशा कागदावर लिहून, सही करून मग बसवत होती, त्याच ऐरोली-रबाळे-महापेत आज डेटा सेंटर उभी आहेत. त्यांच्यात चालणाऱ्या कोडला तेवढीही शिस्त नसावी, हे मला पटत नाही.

हत्यारं तर केव्हाची तयार आहेत. जीसीसी कंपायलरमध्ये अमुक फंक्शनचं उत्तर वाचलंच पाहिजे अशी खूण करण्याची सोय आहे. वाचलं नाही तर तो इशारा देतो, आणि इशाऱ्यालाच चूक मानून कोड अडवून ठेवायलाही त्याला सांगता येतं. सी प्लस प्लसच्या २०१७ च्या आवृत्तीपासून ही खूण भाषेतच आली. रस्ट या भाषेत फंक्शनचं उत्तर एका पुडीत बांधून येतं, आणि ती न उघडता टाकली तर कंपायलर बोलतो. मोटारीतल्या कोडसाठी वापरल्या जाणाऱ्या मिस्रा-सी नियमांत उत्तर वापरलंच पाहिजे असा नियम आहे. यातल्या कशालाही वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, मिस्राची पुस्तिका सोडली तर.

म्हणून विकत घेणाऱ्यांनी काय मागावं हे अवघड नाही. टेंडरमध्ये लिहावं की न वाचलेल्या उत्तरांचे इशारे चालू ठेवून कोड बांधला पाहिजे आणि त्याचा अहवाल सोबत दिला पाहिजे. जिथे उत्तर मुद्दाम सोडलं आहे तिथे कारण लिहिलेलं असावं. पैसे, ओळख आणि परवानगी यांना हात लावणाऱ्या प्रत्येक जागेसाठी अपयशाची दिशा ठरवलेला एक कागद असावा, बाबांच्या वाल्व्हच्या यादीसारखा. आणि स्वीकृतीच्या दिवशी निम्मा वेळ गोष्टी मोडून बघण्यात जावा: नेटची वायर काढा, डिस्क भरून टाका, सहीच्या जागी कचरा टाका. ज्या अभ्यासाबद्दल वर लिहिलं, त्यातच असं दिसलं की प्रणाली बसवणाऱ्या बिघाडांतले ५८ टक्के चूक-हाताळणीच्या कोडची साधी चाचणी केली असती तर सहज पकडता आले असते.

कायद्याचा हातही आता लांब झाला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. पण ज्या प्रणालीने स्वतःच्याच फंक्शनचं 'झालं नाही' हे उत्तर वाचलेलं नाही, तिला घटना लक्षात येणार कधी? त्या पतसंस्थेच्या सभासदांचे आधार कार्ड फोल्डरमध्ये पडून होते आणि प्रणालीच्या मते सगळं आलबेल होतं. 'वाजवी' या शब्दाचा अर्थ पुढे जेव्हा ठरेल, तेव्हा उत्तर न वाचणं हे त्यात बसत नाही असं स्पष्ट म्हटलं जावं. कंपायलरचा फुकटचा इशारा बंद करून ठेवणाऱ्याने वाजवी काळजी घेतली, असं कुणाला म्हणता येऊ नये.

मागच्या वर्षी घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत पाहुण्यांच्या नोंदीसाठी ॲप घ्यायचं ठरलं. पाहुणा फोनवर आलेला कोड गेटवर सांगणार, वॉचमन तो टॅबवर टाकणार, सर्व्हर 'बरोबर' म्हणाला की हिरवी खूण. विक्रीला आलेल्या मुलाने गेटवर उभं राहून छान दाखवलं. बरोबर कोडला हिरवं, चुकीच्या कोडला लाल. कमिटी खूश होती. मी त्याला म्हटलं, "टॅब जरा एअरप्लेन मोडवर टाक आणि कुठलेही चार आकडे दाब." त्याने दाबले. चाक थोडा वेळ फिरलं, आणि हिरवी खूण आली.

"मॅडम, प्रत्यक्षात नेट जात नाही," तो म्हणाला.

सेक्रेटरीकाका शांत माणूस. त्यांनी टॅब हातात घेतला, स्वतः चार शून्यं दाबली, हिरवी खूण बघितली आणि करारनामा परत फाईलमध्ये ठेवला. कंपनीला १५ दिवस दिले. ते लोक तिसऱ्या आठवड्यात परत आले. या वेळी काकांनी कुणी सांगायच्या आधीच टॅबचं नेट बंद केलं आणि चार शून्यं दाबली. चाक फिरलं. पडद्यावर पिवळ्या पट्टीत आलं: 'पडताळणी झाली नाही. फ्लॅटवर विचारा.' वॉचमनने ते मोठ्याने वाचलं आणि इंटरकॉम उचलला.